पहिला पंधरवडा : घरगुती क्लासचा परिचय-वर्ग आणि त्याची फी

शांती नगरच्या कोणत्याही सेक्टरमध्ये संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान जिना चढून गेले, तर एखाद्या तरी दाराबाहेर लहान-मोठ्या चपलांचा ढीग दिसतोच. आत बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकलेली असते, भिंतीला फळा असतो आणि सात-आठ मुले गणिताशी झटत असतात. आई-वडील चर्चगेटच्या गाडीने सकाळी निघून रात्री आठला घरी येणार, मुलांच्या अभ्यासाकडे बघायला घरात कोणी नाही, ही मीरा रोड-भाईंदरमधील बहुसंख्य कुटुंबांची स्थिती आहे. त्यामुळे शिकवणी ही इथे चैन राहिलेली नाही. आणि पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना, विशेषतः मुलींना, भांडवलाशिवाय सुरू करता येण्याजोगा हा एक व्यवसाय आहे.

परंतु यातील बरेच वर्ग जूनमध्ये सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत गुपचूप बंद होतात. शिकवणे वाईट असते म्हणून नव्हे. सुरुवात कशी करावी आणि तिचे किती पैसे घ्यावेत, याचा हिशेब आधी मांडलेला नसतो म्हणून. प्रस्तुत लेखात तेवढ्याच एका विषयाचा विचार केला आहे. प्रस्तुत लेखक बँकेत कारकून आहे, शिक्षक नव्हे. तेव्हा शिकवावे कसे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. (शिवाय आम्हा बँकवाल्यांना नोकरीत असताना दुसरा धंदा करण्यास मनाई असते, हे येथेच नमूद करतो.) जमा आणि नावे या दोन बाजू मात्र आम्हाला रोज दिसतात.

नवीन क्लास काढणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो पालकांच्या विश्वासाचा. बोरिवली-अंधेरीच्या नामांकित क्लासची जाहिरात पालकाने पाहिलेली असते. समोरच्या इमारतीतील बी.एस्सी. झालेली मुलगी कशी शिकवते, हे त्याला ठाऊक नसते. वर्षाची फी एकदम भरायला तो तयार होत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. यासाठी थोड्या दिवसांचा, थोड्या पैशांचा एक परिचय-वर्ग ठेवावा, पालकाने व मुलाने पारखून घ्यावे आणि मग पुढचे ठरवावे, ही पद्धत सोयीची आहे. मोठे क्लास याला डेमो, फाउंडेशन, क्रॅश कोर्स अशी नावे देतात. नावाला महत्त्व नाही.

येथे बहुतेक नवशिके एकच गोष्ट करतात. मुले यावीत म्हणून पहिला महिना फुकट ठेवतात, किंवा पाचशे रुपयांत सगळे विषय शिकवतो असे पत्रक वाटतात. मुले येतात, वीस-पंचवीससुद्धा येतात. दुसऱ्या महिन्यात खरी फी सांगितली की पालक म्हणतो, "मागच्या महिन्यात तर पाचशे होते." त्याच्या दृष्टीने या शिकवणीची किंमत पाचशे हीच ठरून गेलेली असते आणि आता तुम्ही ती तिप्पट केली, अशी त्याची तक्रार असते. फुकट वर्गाचे तर आणखी वेगळे होते. ज्याचे पैसे दिलेले नाहीत तो वर्ग बुडवताना मुलालाही काही वाटत नाही आणि आईलाही नाही. मग शिकवणाऱ्या मुलीला मनातून वाटू लागते की आपल्यालाच शिकवता येत नाही.

भाईंदरच्या बाजारात आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो. डझनभर आंबे चाखायला देत नाही. किराणा दुकानदार शॅम्पूची पुडी एक-दोन रुपयांना विकतो. पुडी स्वस्त असते ती लहान असते म्हणून. दुकानदाराने शॅम्पूचा भाव पाडलेला नसतो. परिचय-वर्गाचे हेच तत्त्व असावे. वस्तू लहान करावी, दर तोच ठेवावा. एक तास फुकट बसू द्यायला हरकत नाही, ती आंब्याची फोड झाली. त्यापुढचे मोजून द्यावे आणि मोजून घ्यावे.

लहान वस्तू म्हणजे काय, हे ठरविणे हा यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. समजा, दहावीच्या गणिताचा वर्ग काढावयाचा आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताचे दोन भाग असतात, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा. २०१८ साली आलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात पहिले प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे व दुसरे वर्गसमीकरणांचे आहे. अनेक मुले या दोन प्रकरणांतच अडतात आणि पुढचे पुस्तक त्यांना परके होऊन जाते. अडण्याचे कारण बहुधा दहावीत नसतेच. उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना काय होते, अपूर्णांकांची बेरीज कशी करतात, अवयव कसे पाडतात, हे आठवी-नववीत सुटलेले असते. तेव्हा परिचय-वर्ग 'दहावी गणित' असा सरसकट न ठेवता 'वर्गसमीकरणे आणि त्यासाठी लागणारी मागची तयारी' एवढाच ठेवावा. सहा दिवस, रोज दीड तास, दोन आठवड्यांत. पहिल्या दिवशी आठवी-नववीच्या भागावर एक छोटी चाचणी. मधले चार दिवस शिकवणे. सहाव्या दिवशी पुन्हा चाचणी. दोन्ही पेपर तपासून पालकांच्या हाती द्यावेत आणि पाव तास बसून मुलाचे कुठे अडते ते सांगावे.

पालकाला दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून जे दिसते, ते दहा पत्रकांनी दिसत नाही. मुलगा पहिल्या पेपरात २० पैकी ६ आणि दुसऱ्यात १३ घेऊन आला, तर आणखी काही सांगावे लागत नाही. ६ चे ७ च झाले, तर तेही प्रामाणिकपणे सांगावे आणि किती दिवस लागतील याचा अंदाज द्यावा. 'नव्वद टक्क्यांची हमी' असल्या भाषेच्या वाटेला जाऊ नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात यशाची खोटी हमी देण्यास व यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय छापण्यास मनाई आहे. ही तत्त्वे पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या क्लासना उद्देशून असली, तरी आठ मुलांच्या वर्गानेही त्याच रीतीने वागण्यात नुकसान काहीच नाही.

आता फीकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत.

सहा दिवस दीड तास म्हणजे शिकवण्याचे ९ तास. पण शिकवणाऱ्याचा वेळ तेवढ्यावर थांबत नाही. तयारीचे ५ तास, दोन चाचण्या तपासण्याचे ३, आठ पालकांशी पाव-पाव तास याप्रमाणे २, आणि पत्रके वाटणे, झेरॉक्स आणणे याचा १ तास धरला तर २० तास होतात. नवशिके नेमके हे नऊच्या पुढचे अकरा तास विसरतात. तासाचे मोल किती धरावे? पंधरा हजार पगाराची आणि महिन्याला दोनशे तासांची नोकरी धरली, तर तासाला ७५ रुपये पडतात. पदवीचे ज्ञान लागणारे व रोज न मिळणारे हे काम आहे, म्हणून आपण १५० धरू. वीस तासांचे ३,००० रुपये झाले. प्रत्येकी ४० रुपयांप्रमाणे आठ मुलांच्या झेरॉक्सचे ३२०, पत्रकांचे ५००, खडू-मार्करचे १३०, वीज-पाणी वगैरेचे २५०. हा खर्च १,२०० चा. एकूण ४,२०० रुपये.

बाहेरच्या खोलीत आठ मुले बसतात. शांती नगर १९८०च्या दशकात शांतीस्टार बिल्डर्सने उभारायला घेतले तेव्हापासून येथे लहान घरेच जास्त. नवव्या मुलाला बसवले की कोणाचा तरी कोपर कोणाच्या तरी वहीवर येतो. पण फी आठने भागून काढू नये. आठच्या आठ जागा पहिल्याच वेळी भरतील असे धरणे म्हणजे पगार होण्याआधी चेक देण्यासारखे आहे. सहा मुले येतील असे धरावे. ४,२०० भागिले ६, म्हणजे ७०० रुपये. पाचच आली तर ७०० ची खोट येईल, आठ आली तर १,४०० शिल्लक पडतील. (६९९ असे लिहिण्याचा मोह काहींना होतो. शेजारच्या इमारतीतील काकूंना एक रुपया परत देताना आपणच ओशाळतो. सरळ ७०० लिहावे.)

पुढच्या नियमित वर्गाचा दर यावरूनच ठरतो. महिन्याला १२ दिवस असतील तर फी १,४०० रुपये. सहा दिवसांचे ७००, बारा दिवसांचे १,४००, दर एकच. दुसऱ्या महिन्यात पालकाला धक्का बसण्याचे कारण राहत नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. नियमित वर्गाचे महिन्याला शिकवण्याचे १८ आणि इतर १४ असे ३२ तास धरले, तर ४,८०० रुपये आणि ८०० रुपये खर्च, म्हणजे ५,६०० रुपये लागतात. ५,६०० भागिले १,४०० म्हणजे ४. परिचय-वर्गाला आलेल्या सहांपैकी चार मुले पुढे राहिली तर वर्ग जेमतेम चालतो, तीन राहिली तर दरमहा १,४०० ची तूट आणि पाच राहिली तर तेवढीच शिल्लक. म्हणजे पहिल्या दिवशी किती मुले आली यापेक्षा सहाव्या दिवसानंतर किती राहिली, हा आकडा वहीत लिहून ठेवण्याचा आहे. परिचय-वर्ग फुकट ठेवून पंचवीस मुले गोळा केली आणि त्यातली तीन टिकली, तर हिशेब तुटीचाच.

जे पुढे राहतील त्यांना परिचय-वर्गाचे ७०० रुपये वळते करून द्यावेत का? द्यावेत, पण पहिल्या महिन्यात नव्हे. दहा महिन्यांची फी १४,००० होते. ७०० ही त्यातली पाच टक्के सूट झाली. ती शेवटच्या महिन्याच्या फीतून वजा होईल असे पावतीवरच लिहून द्यावे. सुरुवातीला वर्गाचा हात आखडलेला असतो तेव्हा पैसे हातात राहतात, आणि शेवटपर्यंत टिकलेल्या मुलालाच सवलत मिळते. तसेच पहिल्या दोन दिवसांनंतर मूल येईनासे झाले, तर उरलेल्या चार दिवसांचे पैसे, म्हणजे सुमारे ४७० रुपये, न मागता परत करावेत. परत गेलेल्या चारशे-सत्तर रुपयांची बातमी इमारतीत फार लवकर पसरते, आणि ती चांगली बातमी असते.

वर्षभराची फी एकरकमी घेण्याविषयी मात्र मला ठाम सांगावेसे वाटते. घेऊ नये. बँकेत ग्राहकाने ठेवलेली ठेव ही बँकेचे उत्पन्न नसते, ते बँकेचे देणे असते. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आगाऊ घेतलेली फी तशीच आहे. सहा मुलांचे प्रत्येकी १४,००० म्हणजे ८४,००० रुपये जूनमध्ये हाती आले, ते घरच्या लग्नात किंवा डिपॉझिटमध्ये गेले, तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाच महिने शिकवण्याचे देणे डोक्यावर आणि हातात काही नाही. आपल्या हलाखीत हे पटकन घडते. मोठ्यांचेही असेच होते. फिटजी या देशभर नाव असलेल्या क्लासच्या नोएडा, गाझियाबाद व इतर ठिकाणच्या शाखा जानेवारी २०२५ मध्ये अचानक बंद पडल्या आणि लाखो रुपये आगाऊ भरलेले पालक रस्त्यावर आले. आपल्या मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या महेश ट्युटोरियल्सची कंपनी, एमटी एज्युकेअर, २०१२ साली शेअर बाजारात गेली होती. २०२२ च्या अखेरीस तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तेव्हा दरमहा घ्यावे, फार तर तिमाही.

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यातही विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये, नोट्सचे वेगळे पैसे घेऊ नयेत, पावती द्यावी, असे सांगितले आहे. तीही पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या केंद्रांसाठी आहेत. पालक या नात्याने मोठ्या क्लासमध्ये पैसे भरणाऱ्या आपल्या सभासदांनी मात्र ती अवश्य लक्षात ठेवावीत.

जीएसटीची भीती अनेकांना असते. कोचिंगवर १८ टक्के कर आहे हे खरे. मोठ्या क्लासच्या एक लाखाच्या फीवर त्यामुळे अठरा हजार वाढतात. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. चोवीस मुलांचे वर्षाचे १४,००० म्हणजे ३,३६,००० रुपये. ती मर्यादा फार दूर आहे, आणि कर न लागणे हीच घरगुती क्लासची मोठ्या क्लासपुढची एक जमेची बाजू आहे. शाळेत शिक्षक म्हणून नोकरी करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकास खाजगी शिकवणी करता येत नाही.

यापलीकडे एक अडचण आहे, आणि ती आपल्या लोकांत जास्त आहे. ती लाजेची. विहारात रविवारी मुलांना मोफत शिकवत आलेली मुलगी स्वतःचा वर्ग काढते, तेव्हा पहिले वाक्य ऐकू येते, "अगं, तू तर आपल्याच घरची, तुला काय फी द्यायची?" तिच्या आईलाही फी मागणे बरे वाटत नाही. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मजुरी होती, नंतर नोकरी आली. धंदा नव्हता, त्यामुळे भाव सांगण्याची सवयच नाही. ज्यांनी प्रयत्न केला त्यांना बाजाराने उभे राहू दिले नाही, असेही घडले आहे. परदेशातून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी खाजगी शिकवण्या केल्या आणि शेअरविषयक सल्ला देण्याचा व्यवसायही काढला होता. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. आज शांती नगरात गुजराती, उत्तर भारतीय, दक्षिणी अशा सर्वच घरांतील मुले आपल्या मुलीकडे गणित शिकायला येऊ शकतात, ही स्थिती लहान नाही. अशा वेळी आपल्याच माणसांनी फी बुडवावी, हे बरे दिसत नाही.

रविवारचा विहारातील वर्ग हे दान आहे, ते चालूच राहावे. सोमवार ते शुक्रवारचा वर्ग हा व्यवसाय आहे. दोन्हींची जागा वेगळी, वार वेगळा, वही वेगळी ठेवली की गोंधळ होत नाही. ज्याला खरोखरच परवडत नाही अशा मुलासाठी आठपैकी एक जागा अर्ध्या फीची ठेवावी आणि ती हिशेबात आधीच धरावी. दारात उभे राहून घासाघीस करणाऱ्याला ती देऊ नये. ज्याला मागता येत नाही त्याला आपण होऊन द्यावी, आणि इतर मुलांना कळू देऊ नये. संस्थेने ठरविल्यास अशा जागांची उरलेली अर्धी फी संस्थेच्या शैक्षणिक निधीतून देता येईल. कार्यकारिणीने याचा विचार करावा अशी सूचना येथे मांडतो.

बँक, रेल्वे अशा स्पर्धा परीक्षांच्या वर्गांबाबत थोडे वेगळे आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत मोफत प्रशिक्षण वर्ग चालविले जातात. त्याच गोष्टीचे आपल्याच मुलांकडून पैसे घेण्याऐवजी त्या वर्गाला प्रवेश मिळण्यापूर्वीची तयारी, इंग्रजी व अंकगणित यांचा छोटा परिचय-वर्ग ठेवणे शहाणपणाचे. नोकरी करणाऱ्यांसाठी त्याची वेळ सकाळी लवकरची किंवा रविवारची हवी. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले होते. विरारहून भरून येणारी गाडी पकडणाऱ्याला आजही तीच वेळ जमते.

आता काही किरकोळ बाबी. सोसायटीच्या कमिटीला आधी कळवावे. चपला आणि सायकली जिन्यात येणार नाहीत अशी व्यवस्था करावी. पत्रकावर एकच परिचय-वर्ग आणि एकच नियमित वर्ग असावा. सहा प्रकारची पॅकेजे वाचून पालक गोंधळतो आणि पत्रक बाजूला ठेवतो. त्यावर विषय, तारखा, वेळ, फी आणि फी परत करण्याचा नियम एवढे छापावे. फी शक्यतो खात्यात घ्यावी, मोबाईलवरून आली तर उत्तमच. रोख घेतली तर पावती फाडावी आणि आठवड्याला भरणा करावा. पुढेमागे भाड्याची खोली, बाके, मोठा फळा यासाठी मुद्रा योजनेतील शिशु गटाचे पन्नास हजारांपर्यंतचे विनातारण कर्ज मागायचे झाले, तर खात्यावरच्या दरमहाच्या नोंदी बोलतात. नुसता अर्ज बोलत नाही. कर्ज मात्र पहिल्या परिचय-वर्गासाठी काढू नये. सतरंजी आणि फळा यांना कर्ज लागत नाही. निदान दोन तुकड्यांचा हिशेब वहीत उतरल्यावर, किती आली, किती राहिली, किती परत दिले हे तीन आकडे घेऊन बँकेत यावे.